बेलवरचं दुसरं नाव

“पुढं उभी राहिलीस की मान मागं वळवायची न्हाई. फूल मागं गेलं, तुझं काम संपलं. मागं कोण हाय ते तुला ठाऊक हाय न्हवं? मग झालं.”

राजाभाऊंचा हा आवाज चौदा वर्षं कौमुदीच्या कानात होता. सांगलीच्या पत्र्याच्या हॉलमध्ये राजाभाऊ शटलला फूलच म्हणत. दुहेरीत नेटपाशी उभ्या असलेल्या पोरीनं मागे वळून पाहिलं की तिला कोर्टाभोवती दहा फेऱ्या. कारण उघड होतं. मागून जोडीदारानं मारलेलं शटल कानाजवळून गोळीसारखं जातं, वळलेल्या तोंडावर बसलं तर डोळा जायचा. पण राजाभाऊंचा राग डोळ्यासाठी नसे. “जी वळती,” ते म्हणत, “तिनं मागचीला सोडलं.”

कौमुदी कधी वळली नव्हती. मागे मुक्ता इंगवले होती ना.

तेराव्या वर्षी राजाभाऊंनी या दोघींना एका बाजूला उभं केलं तेव्हा हॉलमधली मोठी मुलं हसली होती. एक हळू बोलणारी, सोमवार करणारी, सर्व्हिस करायच्या आधी मनात देवाचं नाव घेणारी. दुसरी एसटी वर्कशॉपमधल्या मेकॅनिकची, हातात ताकद आणि तोंडात तिखट. पण नेटजवळ कौमुदीचा हात आणि मागे मुक्ताचा स्मॅश, या दोन गोष्टी एकमेकींत अशा बसल्या की पुढच्या दहा वर्षांत दोघींनी चार वेळा राष्ट्रीय दुहेरी जिंकली. कौमुदीचा गुडघा गेला तेव्हा ती आठ महिने बाहेर होती. संघटनेनं मुक्ताला दुसरी जोडीदार देऊ केली. मुक्ता म्हणाली, “मी थांबते.” आठ महिन्यांत जागतिक क्रमवारीतून जोडीचं नाव पार पुसलं गेलं. त्याबद्दल मुक्ता नंतर एवढंच बोलली होती, “तू नसताना मागे उभं राहायला कंटाळा येतो गं. पुढं कुणाचं डोकंच दिसत नाही.”

आणि आज, फेब्रुवारीतल्या शनिवारी दुपारी, म्युनिकजवळच्या एका शाळेच्या जिममध्ये, जर्मन लीगचा सामना शेवटच्या गेममध्ये शेवटच्या दोन गुणांवर आलेला असताना कौमुदी वळली.

का वळली ते तिलाही त्या क्षणी कळलं नाही. शटल तिच्या डोक्यावरून मागे गेलं आणि तिला वाटलं, मुक्ता बघतेय का माझ्याकडे? मान फिरली. पुढच्याच क्षणी गालाच्या हाडावर फाटकन बसलं. डोळ्यासमोर पांढरं झालं. बाकांवर बसलेली तीस-चाळीस माणसं एका सुरात “ओई” म्हणाली. दोघी तो गुण हरल्या, त्यानंतरचाही हरल्या.

कपडे बदलायच्या खोलीत मुक्तानं बर्फाची पिशवी तिच्या गालाला लावून धरली.

“दोन बोटं वर बसलं असतं तर?” ती म्हणाली.

“नाही ना बसलं.”

“चौदा वर्षांत वळली नाहीस बये. गुडघ्याला प्लास्टर होतं तेव्हा व्हीलचेअरवरसुद्धा मागं बघायची नाहीस, ढकलणारी मी होते तरी. आज काय झालं?”

“लक्ष नव्हतं.”

“लक्ष माझं नसायला पाहिजे. मरण माझं चाललंय.” मग आवाज उतरवून, “सोमवारी ते पत्र गेलं की सुटलो. खरं आहे ते लिहिलंय, मग घाबरायचं कशाला?”

कौमुदीनं पिशवी स्वतःच्या हातात घेतली आणि डोळे मिटले.

ते पत्र म्हणजे काय हे सांगायला हवं. वरच्या पातळीवर खेळणाऱ्यांना एक नेम पाळावा लागतो. रोज कोणता एक तास आपण कुठे सापडू ते तीन-तीन महिने आधी संगणकावर भरून द्यायचं. त्या तासात उत्तेजकांची तपासणी करणारं माणूस न सांगता दाराशी येऊ शकतं. ते आलं आणि खेळाडू सापडला नाही, तर एक चूक. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की दोन वर्षं बंदी. औषध घेतलंय की नाही हा प्रश्नच नाही. नेम मोडला एवढं पुरे.

मुक्ताची पहिली चूक जूनमधली. स्पर्धेचं हॉटेल बदललं आणि ती भरायला विसरली. दुसरी सप्टेंबरात, विमान चुकलं तेव्हाची. दोन्ही तिनं खाली मान घालून कबूल केल्या होत्या. त्यानंतर ती इतकी धास्तावली की तिनं सकाळी सहा ते सातचा तास घेतला. त्या वेळी माणूस अंथरुणातच असतं, चुकणार कुठे?

तिसरं पत्र जानेवारीच्या शेवटी आलं, रजिस्टर्ड पोस्टानं. मंगळवार, एकोणीस जानेवारी. तपासणी करणाऱ्या बाई सहा वाजता उंटरश्लाइसहाइमच्या पत्त्यावर, म्हणजे मुक्ता राहत होती त्या कौमुदी बर्वेच्या घराशी, पोचल्या. इमारतीच्या दारावरच्या बेलच्या पाटीवर खेळाडूचं नाव नव्हतं. एका शेजाऱ्यानं अशा नावाचं कुणी माहीत नसल्याचं सांगितलं. बाई तासभर थांबल्या आणि परत गेल्या. खुलासा करायचा असल्यास चौदा दिवसांत करावा, मुदत आठ फेब्रुवारी, सोमवार.

जर्मनीत फ्लॅटला नंबर नसतात. दारावर बेलची पाटी असते आणि प्रत्येक बेलसमोर आडनाव. नाव नाही म्हणजे माणूस नाही. मुक्ता वर, तिसऱ्या मजल्यावर, गाढ झोपलेली होती.

“नाव होतं की,” पत्र वाचून मुक्ता ओरडली होती. “मी माझ्या हातानं चिकटवलंय. बर्वे, त्याच्या खाली इंगवले.” ती तशीच अनवाणी खाली धावली. नाव होतं. तिनं फोटो काढला. “बाई आलीच नाही. घरी रजईत बसून फॉर्म भरला असणार.”

त्या वेळी कौमुदी स्वयंपाकघरात उभी होती. तिच्या हातात उलथनं होतं आणि तव्यावरचं थालीपीठ जळत होतं. कारण नाव एकोणीस तारखेला नव्हतं. अठराला सोमवारी तिनंच ते काढलं होतं आणि वीसला बुधवारी परत लावलं होतं.

त्याचंही कारण होतं. घर भाड्याचं. करारात स्पष्ट लिहिलेलं, लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कुणाला ठेवायचं नाही. पाहुणा सहा आठवडे चालतो. मुक्ता सप्टेंबरात आली ती सहा आठवड्यांची पाहुणी म्हणून, आणि दिवाळी गेली, नाताळ गेला. घरमालकीण फ्राऊ लिंडनर जवळच्याच गार्चिंग गावात राहायच्या. पंधरा जानेवारीला त्यांचं पत्र आलं. आपल्या बेलवर दुसरं नाव दिसतं, ते कुणाचं? सोमवारी हीटिंगच्या मीटरचे आकडे घ्यायला माणूस येईल, तो पाहील.

“नावाची पट्टी काढ,” प्रसन्न म्हणाला होता. प्रसन्न बर्वे, कौमुदीचा नवरा, गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. “लिहून टाक, पाहुणी होती, गेली. आकडे घेऊन माणूस गेला की लाव परत. म्युनिकच्या आसपास घर मिळायला आपल्याला किती महिने लागले, आठवतंय ना?”

आठवत होतं. अकरा महिने. कौमुदीनं पट्टी काढली, कोटाच्या खिशात ठेवली आणि फ्राऊ लिंडनरना उत्तर लिहिलं. पाहुणी होती, गेली. आयुष्यात तिनं पहिल्यांदाच सहीनिशी खोटं लिहिलं. मुक्ताला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुक्ता म्हणाली असती, मी जाते दुसरीकडे, आणि रागानं खरोखर गेली असती. सोमवारी माणूस येऊन गेला. मंगळवारी पट्टी लावायची राहिली. इतकंच. एक दिवस राहिली.

रजिस्टर्ड पत्र आलं त्या रात्री ती प्रसन्नला म्हणाली, “सांगूया तिला.”

“सांगून काय होणार? चूक खेळाडूचीच धरतात. वर आपलं घर जाईल. तिनं फोटो काढलाय ना, त्यावर सुटेल ती.”

“पण फोटो नंतरचा आहे.”

“ते तिला माहीत नाही. म्हणजे ती खोटं बोलत नाहीये.”

प्रसन्न वाईट माणूस नव्हता. त्याला प्रत्येक गोष्ट सुट्या भागांत दिसायची, आणि प्रत्येक भाग आपापल्या जागी बरोबर असायचा. त्या दिवसापासून कौमुदीचा जप लागेना. सकाळी दिवा लावून ती देवासमोर बसे, माळ फिरे, आणि दर मण्याला एकच शब्द येई. सांग. सांग. बारा दिवस असे गेले, आणि तेराव्या दिवशी ती कोर्टावर वळली.

संध्याकाळी पाच वाजता चौघं जेवणाच्या टेबलाशी बसली होती. बाहेर अंधारून आलं होतं. प्रसन्नच्या आई, मनोरमाबाई, डिसेंबरपासून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी कौमुदीच्या गालाकडे पाहून हळद आणि तूप लावलं होतं, आणि आता सगळ्यांना चहा देत होत्या.

“म्हणजे मैत्रिणीनंच मारलं?” त्या म्हणाल्या.

“मारलं नाही हो काकू, मध्ये आली,” मुक्ता म्हणाली. “तुमच्या सुनेला शोभून दिसतंय. आता जरा चॅम्पियन वाटते. नाहीतर पोस्टात तिकिटं चिकटवायला बसलेल्या बाईसारखी दिसते.”

मनोरमाबाई हसल्या. कौमुदी हसली नाही. मुक्तानं लॅपटॉप प्रसन्नकडे वळवला.

“जिजाजी, जरा बघा इंग्रजी. तुमच्या ऑफिसातल्यासारखं करा, थंड आणि टोचणारं.”

प्रसन्न वाचू लागला. “गेनाऊ, बरोबर... इथे ‘खोटारडी’ नको. ‘वस्तुस्थितीशी विसंगत’ म्हण.”

“खोटारडीच आहे ती.”

“तरी पण.” प्रसन्ननं बदल केला. त्याचे डोळे एकदाही बायकोकडे गेले नाहीत. “आणि हे, ‘सदर बाईंना या कामावरून दूर करावे,’ हे हवंय का?”

“हवंय. माझी चौदा वर्षं घालवायला निघाली ती. तिचा एक पार्ट-टाइम गेला तर काय आकाश पडतंय?”

मनोरमाबाईंनी कप ठेवला. “कोण गं ही बाई? तुम्ही सगळे आठवडाभर काहीतरी पुटपुटताय. मला विचारलं तर कागदपत्रांचं म्हणता. मला काही कळू द्याल का नाही?”

मुक्तानं सांगितलं. हातवारे करून, सोप्या शब्दांत. रोजचा नेमाचा तास, तीन चुका, एकोणीस तारखेची पहाट, न आलेली बाई. मनोरमाबाई ऐकत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

“मंगळवार होता का गं तो?” त्यांनी विचारलं. “आदल्या दिवशी ते आकडे घेणारे आले होते, त्याच्या दुसऱ्या दिवशी?”

“हो.”

“मग ती बाई आली होती.”

मनोरमाबाईंनी खिडकीकडे बोट केलं.

“मी पहाटे पाचला उठते. तिथे खिडकीशी बसून पोथी वाचते, तुम्हाला माहीत आहे. खाली बर्फ होता. एक बाई आली, माझ्याएवढी असेल, डोक्यावर लोकरीची टोपी, खांद्याला निळी पिशवी. हातात बॅटरी. ती पाटी वाचत होती. पुन्हा पुन्हा वाचत होती. बोट लावून, एकेक नाव. मग लांब जाऊन उभी राहिली, पाय आपटत, थंडी वाजत होती बिचारीला. परत आली, परत वाचलं. माझ्या मनात आलं, कुणाचं घर शोधतेय, हाक मारावी. पण माझा अध्याय चालू होता. अध्याय संपेपर्यंत मी बोलत नाही, उठत नाही, चाळीस वर्षांचा नेम आहे. आणि बोलले असते तरी काय बोलणार होते तिच्याशी, मला मेली तिची भाषा येते थोडीच. अध्याय संपवून उठले तर ती निघून गेली होती.”

“काकू,” मुक्ता हळू म्हणाली, “तिला माझं नाव दिसलं नसेल. अंधार होता.”

“बॅटरी होती म्हणते ना मी. चष्मा काढून, पुसून वाचत होती.” मनोरमाबाईंनी कप दूर सारला. “म्हणजे माझ्यामुळे झालं हे. एका मिनिटासाठी उठले असते, कौमुदीला हलवलं असतं, तर ती वर आली असती. देवाचं वाचत बसले आणि दाराशी आलेलं माणूस उभं ठेवलं. मुक्ता, तू त्या कागदावर माझं नाव घाल. लिही, म्हातारीनं पाहिलं आणि उठली नाही. मी सही करते. आणि उद्यापासून ती पोथी मी वाचणार नाही, कोणत्या तोंडानं वाचू.”

“आई, तुझा काही संबंध नाही,” प्रसन्न म्हणाला.

“कसा नाही? मीच तर—”

“अहो आई,” कौमुदी म्हणाली.

तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण सगळे थांबले.

“तुमचं काही चुकलं नाही. त्या बाईंचंही नाही. नाव नव्हतंच तिथे. मी काढलं होतं.”

“कौमुदी,” प्रसन्न म्हणाला.

“सोमवारी काढलं. बुधवारी लावलं. मंगळवारी माझ्या कोटाच्या खिशात होतं.”

मग तिनं सगळं सांगितलं. फ्राऊ लिंडनरचं पत्र, सहा आठवडे, तिचं स्वतःचं खोटं उत्तर. प्रसन्ननं सुचवलं हे ती बोलली नाही. प्रसन्नच मधे म्हणाला, “मी सांगितलं होतं काढायला,” आणि पुन्हा टेबलाकडे बघत बसला.

मुक्तानं लॅपटॉप मिटला. उठली, जॅकेट चढवलं, बूट घातले, आणि दार ओढून घेऊन निघून गेली. जिन्यातून तिची पावलं खाली खाली जाताना ऐकू येत होती. तीन मजले, मग खालचं जड दार.

“तिची बॅग इथेच आहे,” थोड्या वेळानं प्रसन्न म्हणाला.

मनोरमाबाई उठल्या आणि जाताना त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर त्या मुलाला म्हणाल्या, “बारा दिवस ही जेवत नाहीये धड. तुला दिसलं नाही?”

कौमुदी खाली गेली तेव्हा मुक्ता सायकलींच्या छपराखाली उभी होती. बर्फ थांबला होता. दोघी एकमेकींपासून चार पावलांवर उभ्या राहिल्या. कोर्टावर साधारण तेवढंच अंतर असायचं.

“त्या रात्री सांगितलं असतंस तर?” मुक्तानं विचारलं.

“तर आपण बारा दिवस आधी हे लिहिलं असतं.”

“मी त्या बाईला तीन पानं शिव्या दिल्यात. कोचला सांगितलं, क्लबात सांगितलं. फोटो दाखवत फिरले. तिनं पण पाटीचा फोटो काढला असणार, काढतातच ते. दोन्ही फोटो समोरासमोर ठेवले असते तर काय म्हणाले असते मला? चूक राहू दे, हिनं पुरावा बनवला. मग दोन वर्षं नव्हे, चार.”

“माहीत आहे.”

“माहीत होतं आणि जिजाजींना इंग्रजी तपासू दिलंस.”

“हो,” कौमुदी म्हणाली.

“का?” मुक्ता म्हणाली. “खरं सांग. घरासाठी?”

“आधी घरासाठी. मग...” कौमुदी थांबली. “मग मला वाटलं, तू माझ्याबरोबर खेळणार नाहीस. बंदी आली असती तर आपण दोघी गेलो असतो, एकत्र. सांगितलं तर मी एकटी जाणार होते.”

मुक्ता हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. “वा. म्हणजे माझ्यासकट बुडायला तयार होतीस, पण माझ्याशिवाय नाही. किती प्रेम गं तुझं.”

शेजारचे एक गृहस्थ कचरा टाकायला आले, दोघींना “सर्वुस” म्हणाले आणि गेले. मुक्तानंही त्यांना “सर्वुस” म्हटलं.

“आता ऐक,” ती म्हणाली. “तू लिहायचंस. तुझ्या नावानं, तुझ्या सहीनं. माझं नाव लावलेलं होतं, मला न सांगता तू काढलंस, का काढलंस, सगळं. आणि त्या मालकिणीचं पत्र जोडायचं. नाव पंधरा तारखेला होतं याला तेवढाच एक कागद आहे, बाकी मैत्रीण काय, काहीही लिहील म्हणतील ते. तरी ते खरं धरतील का नाही मला ठाऊक नाही.”

“लिहिते. आत्ताच.”

“थांब, झालं नाही अजून. ते त्या मालकिणीला फोन करतील. खरंच असं पत्र लिहिलं होतंत का, विचारतील. तिला तू काय कळवलंयस? पाहुणी गेली. म्हणजे तिला हे सगळं कुठल्यातरी ऑफिसातल्या माणसाकडून कळणार.” मुक्तानं हात जॅकेटच्या खिशात खोल घातले. “रजिस्टर्ड पोस्टानं कळणं काय असतं ते मला विचार. पाय गार पडतात. तसं तिला कळायला नको. तू जायचं. सोमवारी पत्र निघायच्या आधी, तिच्या दारात उभं राहून, तोंडानं सांगायचं. प्रसन्नला नाही पाठवायचं, ईमेल नाही. कबूल?”

“कबूल.”

“घर जाईल.”

“जाईल कदाचित.”

“आणि यानंतर मी तुझ्याबरोबर खेळेन असं मी म्हटलेलं नाही.”

“नाही म्हटलेलं.”

“वचन दे तरी.”

कौमुदीनं हात पुढे केला. मुक्तानं तो धरला, जोरात, हाडं दुखतील इतका, आणि सोडला.

त्या संध्याकाळी कौमुदीनं पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, कारण पहिल्या तीन वेळा त्यात तिची बाजू आपोआप येत होती. चौथ्या वेळी दीड पान उरलं. मुक्तानं स्वतःच्या पत्रातली तपासणी करणाऱ्या बाईंविषयीची तिन्ही पानं पुसली आणि खाली एक ओळ घातली, बाईंनी आपलं काम नीट केलं होतं. प्रसन्ननं दोन्ही वाचली. “इथे एक कॉमा हवा,” एवढं म्हणाला. मग काही वेळानं म्हणाला, “मीही सही करतो. पट्टी काढ म्हणणारा मी होतो.” त्यानं सही केली तेव्हा मुक्तानं त्याच्याकडे पाहिलं, पण जिजाजी म्हटलं नाही.

फ्राऊ लिंडनरना कौमुदीनं मेसेज पाठवला. उद्या रविवार आहे, क्षमा असावी, पण दहा मिनिटं भेटता येईल का, महत्त्वाचं आहे. अर्ध्या तासानं उत्तर आलं. अकरा. चर्चनंतर.

रविवारी पहाटे मनोरमाबाई खिडकीशी आल्या. पोथी आदल्या दिवशी त्यांनी कपाटात ठेवून दिली होती. कौमुदीनं ती काढून, कापडातून सोडवून, त्यांच्यापुढे ठेवली. “वाचा आई,” ती म्हणाली. “मध्ये कुणी आलं तर मी उठेन. सात वाजेपर्यंत मी जागीच आहे.” सहा ते सात ती स्वयंपाकघरात बेलकडे कान लावून बसून राहिली, कारण मुक्ताचा तो तास अजून चालू होता आणि बंदी येईपर्यंत रोज चालू राहणार होता. कुणी आलं नाही. आतून मनोरमाबाईंचं वाचन हळू, संथ ऐकू येत राहिलं.

साडेनऊला कौमुदी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून तयार झाली. गालावरचा डाग जांभळा झाला होता. प्रसन्न म्हणाला, “गाडीनं सोडू?”

“नको.”

“काहीतरी घेऊन जा तरी. केक वगैरे. इथे रिकाम्या हातानं कुणी जात नाही.”

“हे तसं जाणं नाही,” ती म्हणाली.

मुक्ताच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती जमिनीवर बसून पाय ताणत होती, पाठ दाराकडे. कौमुदी दारात थांबली. पाठीला कळलं असावं, कारण मुक्ता न बघता म्हणाली, “बस किती वाजता?”

“दहा वाजून सात.”

“जर्मनमध्ये काय म्हणायचं ते पाठ केलंस?”

“पहिली दोन वाक्यं. पुढचं तिथे जमेल तसं.”

“पहिलं काय आहे?”

“मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं.”

मुक्तानं दुसरा पाय ताणला. “बरं आहे,” ती म्हणाली. “त्यातच ठेव. सुरुवातीला हवामान बोलत बसू नकोस.”

कौमुदीनं फ्राऊ लिंडनरचं पंधरा तारखेचं पत्र आणि स्वतःच्या उत्तराची प्रत घडी करून पर्समध्ये ठेवली. कोट घातला. रविवारच्या सकाळी इथे जिन्यात मोठ्यानं बोलायचीसुद्धा पद्धत नाही, म्हणून तिनं दार दोन्ही हातांनी हळूच ओढून घेतलं, आणि बस यायला अजून पुष्कळ वेळ असूनही ती निघाली.